मधाच्या दारूवर दिलेला शब्द: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी वीरकाव्याची ओळख करून दिली होती, त्यावर ठाणे, ऐरोली, नेरूळ, घणसोली असे सगळीकडून प्रश्न आलेत. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. डेन्मार्कचा राजा ह्रॉथगार, त्याचा हेओरोट नावाचा मोठा दरबारी वाडा, आणि त्या वाड्यात १२ वर्षं रात्रीचा घुसून माणसं मारणारा ग्रेंडेल नावाचा राक्षस. समुद्रापलीकडून गेआट जमातीचा तरुण बेओवुल्फ १४ जणांना घेऊन येतो, आधी ग्रेंडेलला मारतो, मग सूड घ्यायला आलेल्या त्याच्या आईला, नंतर स्वतःच्या देशात ५० वर्षं राज्य करतो आणि म्हातारपणी ड्रॅगनला मारता मारता स्वतःही जातो. ३१८२ ओळींचं काव्य, साधारण इ.स. १००० च्या आसपासचं एकच हस्तलिखित उरलंय, १७३१ च्या आगीत त्याच्याही कडा जळल्या, आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आता प्रश्नांकडे वळू.

मॅडम, मी एमए इंग्लिश करतेय. बेओवुल्फ जिथे जातो तिथे स्वतःचीच तारीफ करतो, मी याला मारलं, मी त्याला हरवलं. याला वीर म्हणायचं की फुशारक्या मारणारा? नोट्समध्ये शौर्य, निष्ठा, औदार्य, कीर्ती अशी गुणांची यादी दिलीय, ती पाठ आहे पण त्यातून काहीच हाती लागत नाही. (विद्यार्थिनी, ऐरोली)

ती यादी आधी बाजूला ठेव, कारण ते चार वेगळे गुण नाहीतच, ती एकच गोष्ट आहे आणि तिचं मूळ दरबारात आहे, रणांगणावर नाही.

तो दरबार डोळ्यासमोर आण. लांबलचक लाकडी वाडा, मधोमध आग, बाकांवर बसलेले लढवय्ये, राजा त्यांना जेवू घालतोय, मधाची दारू पाजतोय, सोन्याची कडी, तलवारी, चिलखतं, घोडे देतोय. हे देणं म्हणजे पगार नाही आणि बक्षीसही नाही, हे घेतलं की तू बांधला गेलास. मग घेणारा उठून सगळ्यांसमोर बोलतो की मी अमुक करीन, नाहीतर मरेन. हे बोलणं म्हणजेच तुला खटकणारी ती 'फुशारकी'. ती सगळ्यांसमोर अशासाठी करायची की उद्या ती मोडली तर ऐकलेले साक्षीदार त्याच बाकांवर बसलेले असतात. शिवाय लिहून ठेवायची सोय फार थोड्यांकडे असलेला तो समाज, माणसाची किंमत त्याच्या बोललेल्या शब्दावर ठरायची.

आता उनफर्थचा प्रसंग परत वाच. ह्रॉथगारच्या पायाशी बसणारा उनफर्थ भर दरबारात विचारतो, तूच ना तो, जो ब्रेकाशी समुद्रात पोहायची पैज लावून हरला होता? हा नुसता टोमणा नाहीये, याच्या शब्दावर विश्वास ठेवावा का हा प्रश्न आहे आणि तो विचारायचा दरबाराला हक्क आहे. बेओवुल्फ उत्तर देतो, पाच रात्री आम्ही बरोबर होतो, मग लाटांनी वेगळं केलं, मी नऊ जलराक्षस मारले. वर हेही सुनावतो की तू स्वतःला समजतोस तितका शूर असतास तर ग्रेंडेलची इतकी हिंमत झाली नसती. त्यानंतर राणी वेआल्थेओव भरलेला प्याला घेऊन त्याच्याकडे येते आणि प्याला हातात असतानाच तो बोलतो, तुमच्या लोकांची इच्छा पुरी करीन नाहीतर शत्रूच्या मिठीत मरेन. राणीला ते शब्द आवडले असं कवी मुद्दाम सांगतो. आणि हेच परीक्षेत लिही बरं का, प्याला आणि प्रतिज्ञा इथे एकत्र येतात.

पुढे बघ, ड्रॅगनसमोर बेओवुल्फ आगीत सापडतो तेव्हा त्याचा तरुण नातलग विग्लाफ साथीदारांना काय म्हणतो? तो म्हणत नाही की आपण शूर आहोत, चला. तो म्हणतो, मला तो दिवस आठवतोय, आपण दरबारात मध पीत होतो आणि ज्याने आपल्याला ही कडी दिली त्याला आपण शब्द दिला होता की वेळ आली तर या शस्त्रांची परतफेड करू. दुसरं काव्य घे, 'मॉल्डनची लढाई', ९९१ साली एसेक्सच्या किनाऱ्यावर व्हायकिंगांशी झालेल्या लढाईवरचं. सेनापती पडल्यावर तरुण एल्फविने ओरडतो तेही हेच, बाकावर बसून मधाचे प्याले घेताना काय काय बोललो होतो ते आठवा, आता कळेल खरा शूर कोण. दोन वेगळी काव्यं आणि अगदी तोच आधार. तेव्हा शौर्य म्हणजे दिलेला शब्द खरा करणं, औदार्य म्हणजे तो शब्द ज्यावर उभा आहे ते देणं, निष्ठा म्हणजे तो न मोडणं आणि कीर्ती म्हणजे तो खरा केला याची दरबारी कवीने ठेवलेली नोंद. असं वाचलंस की यादी पाठ करायला लागणार नाही.

आणि एक, हा वीर नुसता दणकट नाहीये. ग्रेंडेलकडे शस्त्र नाही म्हणून हाही शस्त्र बाजूला ठेवतो. घरी परतल्यावर मिळालेल्या भेटी आपल्या राजाराणीपुढे ठेवतो. राजा हिगेलाक मेल्यावर राणी स्वतःहून गादी देऊ करते तेव्हा राजाचा मुलगा लहान आहे म्हणून नाकारतो आणि त्या मुलाच्या पाठीशी उभा राहतो. मरताना त्याला समाधान कशाचं असतं, तर मी खोट्या शपथा घेतल्या नाहीत आणि माझ्या हातून नातलगाचा खून झाला नाही याचं.

नमस्कार. मी नौपाड्यात राहतो, निवृत्त आहे, गडकरी रंगायतनला पोवाड्याचा कार्यक्रम असला की सहसा चुकवत नाही. तुमचा लेख वाचून वाटलं की हे आपल्या पोवाड्यासारखंच आहे की. तुलना करता येईल का, की उगाच ओढूनताणून होईल? (वाचक, ठाणे)

काका, तुलना करता येते आणि एका ठिकाणी तर ती इतकी जवळ येते की मी वर्गात तानाजीचं नाव घेतल्याशिवाय मॉल्डन शिकवूच शकत नाही.

सूर्याजीची गोष्ट आपल्याकडे सांगतात ती तुम्हाला माहीतच आहे, तानाजी पडल्यावर मावळे माघारी फिरायला लागले तेव्हा त्याने सांगितलं की तुमचा बाप इथे मरून पडलाय आणि दोर कधीच कापलेत. मॉल्डनचं काव्य सुरू होतं तेव्हा (सुरुवातीचं पान हरवलंय, जिथून उरलंय तिथून) सेनापती बिर्टनॉथ हुकूम देतो की घोडे सोडून द्या, लांब हाकला आणि पायी लढा. एक तरुण हातावरचा लाडका ससाणा जंगलाकडे उडवून देतो आणि कवी म्हणतो की त्यावरूनच कळलं, हा आता माघार घेणार नाही. माघारीची वाट आपणच बंद करायची, हे दोन्हीकडे.

ती जागा तर आपल्या खाडीकाठच्या माणसाला लगेच समजेल, तिथेही ओहोटीला चिखलातून वाट उघडी पडते आणि भरती आली की बेट तुटतं. व्हायकिंग बेटावर अडकलेत, मधली वाट अरुंद, तीन योद्धे ती अडवून उभे आहेत, कोणालाच पार होता येत नाहीये. व्हायकिंगांनी आधी खंडणी मागितलेली असते, त्यावर बिर्टनॉथचं उत्तर होतं की खंडणी म्हणून भाले देऊ, टोकाला विष असलेले भाले. मग व्हायकिंग म्हणतात, आम्हाला पलीकडे येऊ द्या, समोरासमोर लढू. आणि हा येऊ देतो! कवी इथे स्पष्ट म्हणतो की अतिअभिमानापोटी त्याने शत्रूला नको इतकी जमीन दिली. अभ्यासक यावर अजून भांडतात, काही म्हणतात की न लढता सोडलं असतं तर ते दुसरीकडे जाऊन लुटालूट करणारच होते, म्हणून त्याने बरोबर केलं. मला स्वतःला कवीचं म्हणणं पटतं, कारण पुढे जे मेले ते त्या एका निर्णयामुळे मेले.

आणि म्हणून माझ्या मते मॉल्डनचं खरं जोडीदार सिंहगड नाही, नेसरी आहे. प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला एकदा जाऊ दिलं, महाराजांचे कडक शब्द आले, आणि ते जिव्हारी लागून १६७४ च्या फेब्रुवारीत प्रतापराव सहा जणांना घेऊन थेट खानाच्या फौजेवर गेले आणि सातही पडले. आपण त्या सातांपुढे मान झुकवतो आणि त्याच वेळी मनात हेही येतं की सरनौबत असं जायला नको होता, मागे फौजेने काय करायचं. इंग्रजी कवीलाही एकाच वेळी हे दोन्ही वाटतंय. तो बिर्टनॉथला चूक म्हणतो आणि मग त्याच्या प्रेताभोवती एकेक करून मरणाऱ्यांना अगदी नावानिशी गौरवतो, त्यात दुनरे नावाचा साधा शेतकरीही आहे, फक्त सरदार नाहीत. शेवटी म्हातारा बिर्टवोल्ड भाला उगारून म्हणतो की आपलं बळ जितकं कमी होईल तितकं मन अजून घट्ट हवं, हृदय अजून तिखट हवं, हिंमत अजून मोठी हवी. हे मी कितीदा वर्गात वाचलंय तरी दर वेळी थांबावं लागतं.

फरक कुठे आहे ते पण सांगते, नाहीतर खरंच ओढूनताणून होईल. पोवाड्यातला मावळा राजासाठी लढतो पण त्या राजामागे स्वराज्य आहे, एक मोठं काम आहे जे तो मेला तरी पुढे चालणार आहे. बेओवुल्फमध्ये असं पुढे चालणारं काही नाही. राजा गेला की जमात बुडणार, शेजारचे चालून येणार, हे काव्यातच सांगून टाकलंय. मॉल्डनचं म्हणाल तर त्या हारीनंतर त्याच वर्षी इंग्रजांनी व्हायकिंगांना १०,००० पौंड मोजले, म्हणजे बिर्टनॉथने जी खंडणी नाकारली तीच. पोवाडा ऐकून माणूस उठून उभा राहतो. हे वाचून माणूस गप्प होतो आणि मला वाटतं कवीला तेच हवं होतं.

ताई, या सगळ्यात बायका कुठे आहेत? प्याले भरण्यापुरत्याच? (वाचक, नेरूळ)

तुमच्या रागाला जागा आहे आणि गंमत नाही करत, कवीने ती स्वतःच ठेवलीय.

आधी प्याल्याबद्दल. वेआल्थेओव प्याला कोणाकडे आधी नेते आणि कोणाकडे नंतर यावरून दरबारातला मान ठरतो, आणि ती नुसती फिरत नाही, बोलते. नवरा खुशीत येऊन बेओवुल्फला मुलगा मानायला निघालाय हे कळल्यावर ती भरसभेत सांगते की भेटी हव्या तेवढ्या दे पण राज्य आपल्या रक्ताच्या माणसांसाठी ठेव. राजकारण कळणारी बाई आहे.

पण या आदर्शाची किंमत कोण मोजतं ते बघायचं तर हिल्डेबुरची गोष्ट वाचा. डेन राजकन्या, दोन जमातींचं वैर मिटावं म्हणून फ्रिशियन राजा फिनला दिलेली. वैर मिटत नाही, एका भांडणात एका बाजूने तिचा भाऊ मरतो आणि दुसऱ्या बाजूने तिचा मुलगा. ती सांगते की मुलाला त्याच्या मामाच्या खांद्याशी एकाच चितेवर ठेवा. हिवाळा सरतो, भावाची माणसं सूड म्हणून तिच्या नवऱ्यालाही मारतात आणि तिला लुटीच्या सामानाबरोबर माहेरी परत नेतात. यात प्रत्येक पुरुष आपापल्या शब्दाला जागलाय, नियमाप्रमाणे वागलाय आणि तिच्याकडे काही म्हणजे काही उरलेलं नाही. आणि ही गोष्ट कुठे गायली जाते? हेओरोटमध्ये, ग्रेंडेल मेल्याच्या आनंदात, मेजवानीत! लगेच त्यानंतर वेआल्थेओव आपल्या मुलांसाठी बोलायला उठते. हा क्रम उगाच लागलेला नाही.

ह्रॉथगारची मुलगी फ्रेआवारू पण अशीच तह टिकावा म्हणून दिली जाणार असते, बेओवुल्फच घरी येऊन सांगतो की वधू कितीही चांगली असली तरी हे टिकायचं नाही, कोणीतरी म्हातारा एखाद्याच्या कमरेची तलवार दाखवून म्हणेल, ही तुझ्या बापाची, ओळखलीस का, की झालं. आणि ग्रेंडेलची आई! तिला कवीने नावसुद्धा दिलेलं नाही, पण ती करते काय, तर मुलाच्या खुनाचा बदला घेते, जे या समाजात कुठल्याही इज्जतदार माणसाने करायलाच हवं. तिचं दुःख कवी नाकारत नाही.

सूड थांबवायला कायद्यात वाट होती, खुनाची भरपाई. वेसेक्समध्ये साध्या शेतकऱ्याच्या जिवाची किंमत २०० शिलिंग आणि सरदाराची १२०० अशी लिहिलेली होती. बेओवुल्फच्या वडिलांनी केलेल्या खुनाची भरपाई ह्रॉथगारने स्वतः भरून भांडण मिटवलं होतं, आणि बेओवुल्फ त्याच्या मदतीला येतो त्यामागे हे जुनं देणंही आहे. पण हिल्डेबुरच्या दुःखाला कुठल्याच कायद्यात भरपाई नव्हती.

माझा मुलगा आठवीत आहे, व्हायकिंगचे गेम खेळतो. विचारतोय बेओवुल्फ खरंच होऊन गेला का, आणि ते लोक देव कुठला मानायचे? (पालक, कळवा)

बेओवुल्फ नावाच्या राजाचा इतिहासात पुरावा नाही, पण त्याचा मामा हिगेलाक खरा होता, तो साधारण ५२० च्या सुमाराला फ्रँक लोकांच्या मुलखावर धाड घालताना मेला याची नोंद त्यांच्या इतिहासात आहे. मुलाला सटन हू शोधून बघायला सांगा. इंग्लंडमध्ये सफोकला १९३९ साली एका टेकाडाखाली २७ मीटर लांब जहाजाचा ठसा सापडला, लाकूड कुजून गेलेलं पण खिळे जागच्या जागी, आत शिरस्त्राण, तलवार, सोन्याचे दागिने, सातव्या शतकाच्या सुरुवातीचे. काव्यातली वर्णनं खोटी नव्हती हे त्यावरून कळलं. देवाचं म्हणाल तर कवी ख्रिस्ती आहे, गोष्टीतली माणसं ख्रिस्ती होण्याआधीची आहेत, कवी देवाबद्दल पुष्कळ बोलतो पण येशूचं नाव एकदाही घेत नाही, आणि चिता पेटते ती जुन्या पद्धतीनेच. गेममधले व्हायकिंग या गोष्टीतल्या काळानंतरचे धरा, आणि मॉल्डनमध्ये ते शत्रू आहेत हे त्याला नक्की सांगा.

मी आयटीत आहे. ड्रॅगनच्या वेळी पळून गेलेल्या त्या दहा जणांबद्दल मला वाईट वाटतं. बेओवुल्फनेच त्यांना सांगितलं होतं ना की हे तुमचं काम नाही, लांब थांबा? मग ते भित्रे कसे? वरच्याच्या हट्टापायी खालच्यांनी मरायचं हाच आदर्श आहे का? (वाचक, घणसोली)

फार बारकाईने वाचलंत. हो, तो सांगतो, टेकडीवर थांबा, ही लढाई माझ्या एकट्याची आहे. तोपर्यंत थांबणं हा हुकूमच होता. प्रश्न पुढचा आहे, तलवार चालत नाही आणि तो आगीत वेढला गेलाय हे समोर दिसत असताना ते थांबत नाहीत, ते जंगलात पळतात. कवी त्यांना भित्रे, शब्द मोडणारे म्हणतो, ते ढाली घेऊन परत येतात तेव्हा शरमलेले असतात. विग्लाफ सांगतो की आता तुमच्या घराण्याला तलवारी मिळणार नाहीत, कडी मिळणार नाहीत, जमिनीचा हक्क जाईल, आणि वीराला बदनामीच्या जगण्यापेक्षा मरण बरं. शिक्षा फक्त त्या दहांना नाही, सगळ्या कुळाला. कठोर आहे, मला ती आजही कठोरच वाटते.

पण तुमचा दुसरा प्रश्न विग्लाफनेच विचारलाय, हे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. राजा मेल्यावर तोच म्हणतो की एकाच्या इच्छेपायी पुष्कळांना सोसावं लागतं, आम्ही परोपरीने सांगत होतो की त्या ड्रॅगनच्या वाटेला जाऊ नका, ऐकलं नाही. म्हणजे जो एकटा आगीत शिरला त्यालाच राजा चुकला असं म्हणायचा अधिकार कवी देतो. विग्लाफचा हात भाजतो, तरी तो ड्रॅगनच्या पोटात वार करतो, आणि मग चूक काय झाली तेही बोलतो. म्हणून माझ्या हिशोबात या काव्यातला सगळ्यात मोठा माणूस विग्लाफ आहे, बेओवुल्फ दुसरा. म्हाताऱ्या ह्रॉथगारने तर बेओवुल्फला तरुणपणीच बजावलं होतं की आज तुझं बळ आहे, उद्या आजार नाहीतर तलवार नाहीतर म्हातारपण ते घेऊन जाईल, गर्व करू नकोस. ते बोलणं चांगलं लांबलचक आहे आणि मी ते वर्गात कधी वगळत नाही.

ड्रॅगन राखत असलेल्या ज्या खजिन्यासाठी राजा गेला तो लोक त्याच्याबरोबर टेकाडात पुरतात आणि कवी म्हणतो की तो पूर्वी होता तितकाच आताही निरुपयोगी आहे. शेवटच्या ओळींत त्याचे लोक त्याला सगळ्यात दयाळू, सगळ्यात सौम्य, प्रजेवर माया करणारा आणि कीर्तीची सगळ्यात जास्त ओढ असलेला म्हणतात. यातलं शेवटचं कौतुक आहे की तक्रार यावर एकमत नाही. मला त्यात दोन्ही ऐकू येतं, पहिल्या तीन गोष्टींनी लोक जगले आणि चौथीने पोरके झाले.

वाचायला सुरुवात कुठून करू? (वाचक, खारघर)

मॉल्डनपासून. फक्त ३२५ ओळी उरल्यात, एका बैठकीत होतं, आणि आजच्या इंग्रजी गद्यातलं भाषांतर चालेल. गॉड्रिक नावाकडे लक्ष ठेवा. पहिला गॉड्रिक पडलेल्या सेनापतीच्याच घोड्यावर बसून पळतो, लांबून सगळ्यांना वाटतं सेनापतीच पळाला आणि ढालींची भिंत फुटते. शेवटी दुसरा एक गॉड्रिक लढत पुढे घुसतो आणि कवी सांगतो की हा तो पळालेला नव्हे, तिथेच हस्तलिखित तुटतं. त्यानंतर बेओवुल्फ घ्या, ड्रॅगनच्या भागापर्यंत नेटाने जा, कारण मध्येच जुन्या भांडणांच्या गोष्टी येतात आणि नावांचा गोंधळ होतो, तेव्हा एका कागदावर कोण कुठल्या जमातीचा ते लिहून ठेवा. अडलं तर पुढच्या अंकासाठी कळवा.